थांबकाका आणि अर्धी पिवळी प्लेट

सकाळचे अकरा. थांबकाकांनी आठ तोंडांची पिपेट शेवटच्या रांगेवरून उचलली, टायमरला तीस मिनिटं लावली आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लेटवर झाकण ठेवलं. प्लेट तळहातात मावेल एवढी. प्रत्येक खळग्यात माशाच्या यकृताचा अर्क आणि त्यावर एक रंगहीन द्रव. अर्कातलं एन्झाइम त्या द्रवाला चिकटलेली साखर तोडतं आणि साखरेपासून सुटलेला भाग पिवळा पडतो. एन्झाइम जेवढं कामसू, तेवढा पिवळा गडद. तीस मिनिटांनी सोड्याचं पाणी घातलं की काम जागच्या जागी बंद होतं, पिवळा खुलतो आणि यंत्र तो मोजतं.

सोडा कधी घालायचा ते काका सांगत. टायमर वाजून माणूस हलेपर्यंत वेळ जातो, असं त्यांचं मत. शेवटचा आकडा सरला की ते म्हणत, "थांब!" समोरचा सोडा घाली. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, त्यामुळे खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. घरीही तीच सवय. दूध वर यायला लागलं की थांब, भांडण रंगात आलं की थांब. दूध ऐकायचं.

आजची प्लेट संशोधन करणाऱ्या मुलीची होती. काही माशांना साधं, काहींना गोड खाद्य देत तिने दीड वर्ष टाक्या घासल्या होत्या. आता शेवटचा अर्क उरला होता, बरोबर एका प्लेटपुरता.

"काका, हे वाया गेलं तर मी परत मासे पाळत बसेन."

"बस की. मासे बरे, उलटून बोलत नाहीत."

"तुम्हाला हसू येतंय!"

हसत असले तरी काकांनी तिचा प्रत्येक अर्क दोनदा भरला होता. एकदा डाव्या अर्ध्या भागात, एकदा उजव्या. जुळ्यांनी एकमेकांची साक्ष द्यावी म्हणून.

प्रयोग चालू असताना काका फोन घेत नसत. पण आज घरी रंगारी आला होता आणि भिंतीचा रंग काकांनी स्वतः निवडला होता. फोन थरथरला आणि त्यांचा हात गेलाच.

"अहो, अर्धी भिंत झाली," काकू म्हणाल्या. "कावीळ झाल्यासारखी दिसतेय नुसती!"

"किती पिवळी?"

"पिवळी म्हणजे पिवळी. आता काय मोजून सांगू? पुढे जाऊ का विचारतोय तो."

"नमुन्यात फिकी होती."

"नमुना नखाएवढा होता, भिंत भिंतीएवढी आहे. लवकर सांगा, शिडीवर चढला बघा!"

"थांब!" काका ओरडले.

मुलगी धास्तीने आधीच सोडा भरून प्लेटवर डोळे लावून उभी होती. एका दमात तिने डाव्या सहा रांगा उरकल्या.

"अगं, तुला नाही!" काकांनी फोन कापला. सातवी रांग थोडक्यात बचावली. मुलगी इतकी गांगरली की तिने टायमरचंही बटण दाबलं. आकडे शून्यावर गेले.

"किती मिनिटं झाली होती, काका?"

"सतरा. नाही, वीस असतील."

"असतील नको. नेमकी मिनिटं कळली तर डाव्या बाजूचा रंग तेवढ्यानेच भागता येईल. नाही कळली तर अर्धी प्लेट गेली."

भिंतीवरच्या घड्याळाकडे तेव्हा दोघांपैकी कुणीही पाहिलं नव्हतं. साडेअकराला उजव्या बाजूला सोडा घालायची वेळ आली तेव्हा काकांनी तोंड घट्ट मिटून नुसतं बोट वर केलं.

पुन्हा फोन. या वेळी काकू तापल्या होत्या.

"माझ्यावर फोन आपटलात? संसाराला एवढी वर्षं झाली आणि माझ्या वाट्याला एक मिनिट दोन सेकंद! फोनमध्येच दिसतंय, अकरा सतराचा कॉल. बघा, खोटं वाटत असेल तर!"

काकांनी फोन कानापासून लांब धरून पाहिलं. अकरा सतरा. वर एक मिनिट. आणि कापला होता तो 'थांब'च्या पाठोपाठच.

"अठरा!" ते मुलीला म्हणाले. मग फोनमध्ये, "तू ग्रेट आहेस."

"हं. आता काय हवंय?"

यंत्राने रंग मोजले. मुलीने डाव्या आकड्यांना अठराने भागलं, उजव्यांना तीसने, आणि जुळी शेजारी मांडली. मिनिटामागचा पिवळा जवळपास सारखाच निघाला. एक जोडी तेवढी फटकून राहिली. त्या जोडीच्या एका खळग्यात बुडबुडा होता. शिवाय रंग शेवटपर्यंत एकाच चालीने चढतो, हे तपासायचं राहिलं होतं, तेही फुकटात झालं.

"वाचले, काका!"

"मासेही वाचले."

रंगाऱ्याने मात्र ते 'थांब' शिडीवरून ऐकलं होतं. ब्रश धुऊन तो दुसऱ्या कामावर निघून गेला. दिवाणखान्याची भिंत अर्धी पिवळी, अर्धी पांढरी.

"उद्यापासून 'थांब' बंद," मुलीने फर्मावलं. "'सोडा' म्हणायचं. त्यात गोंधळ नाही."

काकांनी हे संध्याकाळी घरी सांगितलं. अर्ध्या भिंतीकडे पाठ करून बसलेल्या काकू म्हणाल्या, "जाऊ दे, सोडा आता तो विषय." काका विचारात पडले.

रंगारी उद्या नऊला येणार आहे. पुढची प्लेट दहाला लागेल आणि काकांचा फोन तेव्हा हातमोज्यांच्या खणात असेल.