पेंटरची रेघ

माझ्या धाकट्या भावाला सगळे पेंटरच म्हणतात, घरातसुद्धा. दुकानांच्या पाट्या रंगवतो. पट्टी न लावता सहा फुटांची सरळ रेघ ओढायचा आणि त्याचा भारी तोरा मिरवायचा.

दोन वर्षांपूर्वी मी त्याला किडनी दिली. सोबत माझ्या बोन मॅरोतल्या पेशीही दिल्या. त्यांच्यामुळे त्याचं शरीर माझी किडनी परकी मानणार नाही, मग शरीराने ती नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या हळूहळू बंद करता येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या गोळ्यांनीच त्याचे हात थरथरायचे. शिडीवर चढायचा, ब्रश बुडवायचा आणि तसाच खाली उतरायचा.

शेवटची गोळी बंद झाली त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि भाजी निवडत बसले. ऑपरेशनपासून माझं हे असंच झालंय, कशाचं काही वाटतच नाही.

तीन महिन्यांनी चपलांच्या दुकानावर त्याची नवी पाटी पाहिली. खालची रेघ गांडुळासारखी गेली होती. माझं डोकंच सणकलं.

"पेंटर, खरं सांग. गोळ्या खातोयस ना अजून?"

तो ब्रश पुसत राहिला. मग रंगाच्या रिकाम्या डब्यातून उरलेली पाकिटं काढून त्याने माझ्या हातात दिली.

"ताई, तुझ्या पेशी आता माझ्या रक्तात सापडत नाहीत म्हणे. शरीर तुझी किडनी आपली मानायला शिकलंय, आता त्या पेशींची गरज नाही, असं बाई म्हणतात. पण ते विसरलं तर? तुझी किडनी वाया घालवून कुठल्या तोंडाने येऊ तुझ्यासमोर?"

"याच तोंडाने ये. फक्त दुसरी मागू नकोस, एकच उरलीय."

तो हसला नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कान धरून बाईंकडे नेलं. त्यांनी चांगलं झापलं आणि दर आठवड्याला रक्त तपासायच्या अटीवर गोळ्या पुन्हा थोड्याथोड्या करून बंद केल्या.

त्याला आता आठ महिने झाले. काल रिपोर्ट पुन्हा चांगला आला. पेंटर त्याच दुकानासमोर शिडीवर चढला, मी खाली उभी राहिले. त्याने एका दमात रेघ ओढली. सरळ आली.

"बघितलंस ताई?"

"बघितलं. उतर आता."

वाटलं होतं, मी रडेन. सवयीने कुशीतल्या टाक्यांच्या व्रणावर हात गेला. तिथली कातडी तेव्हापासून बधिर आहे. दाबून पाहिली, काही कळलं नाही. दुसऱ्या हाताने शिडी मात्र घट्ट धरलेली होती.