डी-दोन-चारचं खोकं

पारमिता मूळची भित्री. तिची आई तानीबाई हे सगळ्यांना सांगत सुटते आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. तानीबाईचं अर्धं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. पोर वखारीच्या दाराशी पोत्यावर बसून असायची आणि मुकादमाच्या चपलांचा आवाज आला की आईच्या लुगड्यामागं दडायची. तीच पोर आज बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या मोठ्या गोदामाची इनचार्ज आहे. दडायला आता लुगडं नाही, म्हणून ती सगळं पुन्हा पुन्हा तपासते. संध्याकाळी कुलूप ओढून बघते, स्कूटर नाक्यापर्यंत नेते आणि परत फिरून पुन्हा ओढून बघते. कामगार हसतात. तीही हसते, पण ओढून बघायचं काही सोडत नाही.

गोदामातल्या मालाला गावासारखे पत्ते दिले ते हिनंच. ती यायच्या आधी कुठलं खोकं कुठं आहे हे एकट्या रवळूला ठाऊक असायचं. रवळू कणकुंबीकडचा, गोदाम उभं राहिल्यापासूनचा माणूस, आणि तो गावी गेला की बाकीच्यांनी नुसतं खोकी हुडकत बसायचं. पारमितानं मालकांना सांगून सॉफ्टवेअर आणवलं, रॅकच्या ओळींना अक्षरं दिली, फळ्यांना आणि फळीवरच्या कप्प्यांना आकडे दिले. डी-दोन-चार म्हणजे डी ओळ, खालून दुसरी फळी, चौथा कप्पा. खोकं ठेवताना स्कॅनरनं आधी खोक्यावरचा पट्ट्यांचा कोड टिपायचा, मग कप्प्यावरचा, की सॉफ्टवेअरला खोक्याचा मुक्काम कळला. रवळूनं पहिल्या दिवशीच तिची थट्टा केली, की आक्का, खोक्यांना घरनंबर दिला तुमी, आता घरपट्टी बी बसवा. पण शिकला मात्र तोच सगळ्यांत आधी.

सॉफ्टवेअर आल्यानंतरची ही पहिलीच खंडेनवमी. त्या दिवशी गोदाम धुवायची इथली जुनी रीत आहे. सगळी खोकी खाली काढायची, रॅक पुसायचे, माल परत चढवायचा आणि मग ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्या वस्तूंची पूजा मांडायची. वजनकाटा, ढकलगाडी, खोकी फोडायच्या सुऱ्या, पान्हे, सगळं स्वच्छ करून, हळदकुंकू लावून, झेंडूत बुडवून ठेवायचं. एकदा पूजेत बसलेली वस्तू दसरा उलटेपर्यंत कुणी हलवायची नाही.

त्या दुपारी अर्धी खोकी अजून जमिनीवर होती आणि कामगारांतल्या शामूनं स्कॅनर उचलून पूजेत ठेवला. कुंकूही लावून टाकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, स्कॅनर म्हणजे गोदामाचं खरं हत्यारच. पण त्याच्याशिवाय खोकी कप्प्यात गेल्याची नोंद होणार कशी? थोडा वेळ तो बाहेर काढा, एवढंच पारमिताला म्हणायचं होतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही. ती बौद्ध घरची. पूजेतली वस्तू काढा, असं आपण सांगितलं आणि उगाच कुणाच्या कपाळाला आठी पडली तर, असं तिला वाटलं.

पूजेच्या वेळी ती दरसाल बाहेर पत्र्याखाली चहा घेऊन बसायची. जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना वाटायचं, तिला चालणार नाही, उगाच अवघडायला नको. तिला वाटायचं, त्यांना चालणार नाही. अशा भलेपणात चार वर्षं निघून गेली. त्या दिवशीही आरती झाल्यावर रवळूनं तिला पेढा बाहेर आणून दिला. सगळं जागच्या जागी लागलं का, असं तिनं विचारलं. आतली पोरं लागलं म्हणाली. तिनं मोबाइल काढला आणि सॉफ्टवेअरमधलं ‘सगळा माल पूर्वीच्या जागी’ हे बटण दाबून टाकलं. दाबताना एकदा आत जाऊन बघावं असं तिला वाटलं. भित्र्या माणसाला असं रोजच वाटतं, म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि पारमिताच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. तानीबाई निपाणीहून आली होती. दोघी पांढऱ्या साड्या नेसून बेळगावच्या विहारात बसल्या होत्या. वंदना संपून पोरंसोरं खिरीच्या पातेल्याकडं सरकत होती, तेवढ्यात पारमिताचा फोन वाजला.

खानापूरकडच्या एका लहान दवाखान्यातले डॉक्टर बोलत होते. लवकर पिकणारं हळवं भात कापताना एका बाईला घोणस चावली होती. दवाखान्यात होत्या तेवढ्या प्रतिविषाच्या कुप्या देऊन झाल्या, तरी रक्त गोठत नव्हतं, आणि अशा अवस्थेत तिला हलवायची त्यांची तयारी नव्हती. दसऱ्यामुळं दुकानं बंद. एका ठिकाणी मिळतील असं वाटतंय, माणूस तिकडं धाडू की तुमच्याकडं, एवढंच त्यांना हवं होतं. पारमितानं मोबाइलवर बघितलं. प्रतिविष, भुकटीच्या कुप्यांचं एक भरलेलं खोकं, डी-दोन-चार. आहे माझ्याकडं, गाडी थेट मच्छ्याला पाठवा, असं तिनं ठामपणे सांगितलं. डॉक्टरांनी दुसरीकडचा विचार सोडून दिला.

आईला मागं बसवून ती गोदामात आली. कुलूप काढलं, दिवे लावले आणि थेट डी ओळीकडं गेली. दुसऱ्या फळीच्या चौथ्या कप्प्यात सलाइनच्या नळ्यांचं खोकं होतं.

तिनं ते बाहेर काढलं, मागं बघितलं. काही नाही. शेजारच्या कप्प्यांत बघितलं, वरच्या फळीवर बघितलं. अँटासिड, बँडेज, हातमोजे. काल आपण न बघता दाबलेलं बटण तिला आठवलं. आता या अख्ख्या गोदामात कुठल्याच खोक्याचा पत्ता खरा धरता येत नव्हता. सी ओळ, मग ई ओळ. स्टूल ओढत ती धावत होती, खोकी फिरवून नावं वाचत होती, आणि वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं म्हणून परत वाचत होती. तानीबाईला इंग्रजी अक्षर कळत नव्हतं. ती पदर खोचून लेकीनं दाखवलेल्या रंगाचं, निळ्या पट्टीचं खोकं शोधत फिरू लागली.

शामूचा फोन कुणी उचलला नाही. रवळू गावी गेला होता आणि कणकुंबीच्या रानात फोन लागेल तर शपथ. गाडी निघाल्याचा निरोप येऊन गेला होता. पारमिताच्या डोळ्यांपुढं ती न बघितलेली बाई येत होती, हिरड्यांतून रक्त येणारी, आणि तिच्या उशाशी बसलेलं कुणीतरी, ज्याला सांगितलं असेल की औषध निघालंय. आपण हो म्हटलं नसतं तर एव्हाना दुसरीकडून कुप्या निघाल्या असत्या. ही भीती मुकादमाच्या चपलांसारखी नव्हती. तिच्यापासून दडायला जागाच नव्हती.

शेवटी तिनं डॉक्टरांना फोन लावला. सापडत नाहीत, माझी चूक झाली, दुसरीकडं पण माणूस धाडा, असं तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, धाडतो, पण तुम्ही शोधायचं थांबू नका, हातात फार वेळ नाही.

ती तिथंच जमिनीवर बसली. शोधायचं तर कुठं शोधायचं? सॉफ्टवेअरला विचारून उपयोग नव्हता. मग काल डी ओळ कुणी लावली हे ती आठवू लागली. रवळूनं. रिकाम्या राहिलेल्या कप्प्यात तो दुसरं खोकं सरकवील, पण प्रतिविषासारखं खोकं भलत्या जागी टाकणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं ते परत ठेवलं नसेल, तर मुद्दामच ठेवलं नसेल. मग एवढं सांभाळून त्यानं ते कुठं ठेवलं असेल?

तिनं मान वर केली. समोर ऑफिसच्या काचेला लागून पूजा होती. शोधताना ती कितीदा तरी तिथून गेली होती आणि प्रत्येक वेळी पदर आवरून, वळसा घालून गेली होती. झेंडूचे ढीग, उसाची दोन कांडकी, वर स्कॅनर. स्कॅनरच्या खाली नव्या खणानं झाकलेलं काहीतरी चौकोनी होतं.

ती उठून पुढं झाली तसं तानीबाईनं तिचं मनगट धरलं. लहानपणी तिनं आपल्या बापाला बघितलं होतं, खंडेनवमीला मालकाच्या पुजलेल्या औताला चुकून हात लागला म्हणून भर उन्हात माफी मागत उभा असलेला. ते तिनं लेकीला कधी सांगितलं नव्हतं आणि आत्ताही सांगितलं नाही.

“पारू, हात लावू नगंस,” ती म्हणाली. “त्यांची पूजा हाय. उद्या काय म्हणतील?”

पारमिताही घाबरलेलीच होती. नोकरी, चार वर्षांची ओळख, रवळूचा चेहरा, सगळं एकदम तिच्या मनात आलं.

“आई, तिकडं बाई मरंल,” ती म्हणाली.

तिनं मनगट सोडवलं, स्कॅनर उचलून बाजूला ठेवला, झेंडू सारले आणि खण ओढला. निळ्या पट्टीचं खोकं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. ते छातीशी धरून ती दाराकडं पळाली तेव्हा गाडीचा हॉर्न वाजतच होता. ड्रायव्हरनं खोक्यावरचं कुंकू बघितलं, पण विचारलं काही नाही.

बाई वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, तेव्हा पारमिता बंद गोदामासमोर कामगारांची वाट बघत उभी होती. बातमी ऐकून ती तिथंच रडली आणि मग डोळे पुसून परत घाबरून उभी राहिली. पूजा तिनं पुन्हा नीट मांडून ठेवली नव्हती. तसं करणं तिला खोटेपणाचं वाटलं होतं.

सगळे आल्यावर तिनं घडलं ते सांगितलं, बटणासकट. शामू सरकलेल्या झेंडूंकडं बघत राहिला. रवळूनं सांगितलं की त्याचा धाकटा भाऊ भातातच गेला, घोणशीनंच, औषध येता येता. तेव्हापासून या गोदामात तो दरसाल ते खोकं पूजेत ठेवतो आणि दसरा झाला की परत कप्प्यात नेऊन ठेवतो. पूर्वी खोक्यांचा हिशेब त्याच्याच डोक्यात असायचा, त्यामुळं ते कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

“तुमी एकदा जरी आत येऊन बगितलं असतं, तर दिसलं असतं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “एवढ्या वर्सात तुमी एकदाबी आत आला न्हाईसा, आक्का.”

“आणि तुमी एकदाबी या म्हटला न्हाईसा, अण्णा.”

शामू खाली बघत फुलं गोळा करू लागला. रवळूनं स्कॅनर उचलला, शर्टाच्या बाहीनं त्याच्या काचेवरचं कुंकू पुसलं आणि तिच्या हातात दिला.

त्या दिवशी पारमितानं सॉफ्टवेअरमध्ये एक नवा पत्ता तयार केला. त्याचं नाव ‘पूजा’. जिथं दरसाल मांडणी होते त्या भिंतीवर त्याचा कोड चिकटवला. यापुढं जे काही पूजेत बसेल ते आधी टिपून बसेल, स्कॅनर सगळ्यांत शेवटी, असं ठरलं. आणि टिपायला तुमालाच यावं लागंल, मी दारात येऊन हाक मारीन, असं रवळूनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पारमिता व्हय म्हणाली. संध्याकाळी तिनं कुलूप ओढून बघितलं, नाक्यावरनं परत येऊन पुन्हा बघितलं. रवळू हाक मारणार यात तिला शंका नाही. पण ती हाक आल्यावर आपला पाय उंबऱ्यावरनं आत पडेल का, याची भीती तिला आतापासूनच वाटते आहे.