धागे मोजता येतील असा फोटो

"तुमचं काम दिसतच नाही हो," असं कुणी म्हटलं की रफूमास्तरांची छाती दोन बोटं फुगायची. धंदाच तसा होता. कोटाला ठिणगीनं भोक पडलेलं असो की शालीवर उंदरानं दात चालवलेले असोत, मास्तर त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि भोक असं विणून टाकायचे की गिऱ्हाईक बोटांनी चाचपत राहायचं आणि शेवटी विचारायचं, "कुठं होतं हो?" पस्तीस वर्षं हा एकच प्रश्न ऐकून मास्तर जरा चढले होते. जरा म्हणजे, बायकोला विचारलंत तर बरेच.

त्यात ते पत्र आलं. जुन्या नाटकांचे पोशाख जपणारं एक मोठं संग्रहालय होतं, त्यांना कायमचा रफूगार हवा होता. कारागिरानं आपल्या तीन कामांचे फोटो पाठवायचे, शिवाय प्रत्यक्ष काम करतानाचा एक. आणि खाली ठळक अक्षरांत सूचना होती, की फोटो इतके स्पष्ट हवेत की धागे मोजता आले पाहिजेत. मुदत शनिवारपर्यंत.

"धागे मोजणार म्हणे!" मास्तर पत्र नाचवत म्हणाले. "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जाणकार भेटला."

जन्मभर जे काम दिसू नये म्हणून डोळे फोडले, ते मरायच्या आधी एकदा तरी कुणी भिंग लावून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. पत्रासोबत आलेल्या अर्जातल्या नावाच्या रकान्यात त्यांनी त्याच दिवशी झोकात आपलं नाव लिहूनसुद्धा टाकलं.

"चांगलंय की," बायको म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. तिचा चेहरा उतरला होता, पण मास्तरांचं डोकं पत्रात होतं.

दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीशी मास्तरांचं टेबल, त्यांच्या पाठीमागे बायकोचं शिलाई मशीन, मध्ये इस्त्रीचा पाट. रफू मास्तरांचं. बाकी सगळं, म्हणजे पँट आखूड करणं, चेन बदलणं, बटणं लावणं आणि प्रत्येक रफूवर शेवटची इस्त्री फिरवणं, हे बायकोचं. दुपारी दोन ते चार मास्तर वर घरात जाऊन झोपायचे. त्या दोन तासांत वरून देव उतरला असता तरी त्याला खाली बायकोशीच बोलून परत जावं लागलं असतं.

कॅमेरा घरात होताच. लेक परगावी नोकरीला गेली तेव्हा मागे ठेवून गेली होती, शिकाऊ लोक घेतात तसला, सोबत मिळालेली साधी लेन्स लावलेला. मास्तरांनी इस्त्री झालेला एक काळा कोट टेबलावर पसरला, रफूच्या शेजारी मापाची टेप ठेवली आणि फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि हबकलेच. कोट कुठला, टेप कुठली, नुसता काळा चिखल.

"बिघडलाय," त्यांनी लेकीला फोन केला. "नाहीतर ही लेन्सच भिकार आहे."

"लेन्स ठीक आहे बाबा. किती लांबून काढलात?"

"लांबून कशाला? चांगली चार बोटांवरून काढलाय."

लेक एवढी हसली की मास्तरांनी फोन कानापासून लांब धरला. जन्मभर कापड नाकाशी धरून बघायची सवय, लेन्सही त्यांनी तशीच कोटाला चिकटवली होती. "बाबा, तिला एवढ्या जवळचं दिसत नाही. निदान हातभर मागे घ्या. मग फोटो मोठा करून बघा."

तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली. ट्यूबच्या उजेडात नको, खिडकीशी या. झूम पार टोकाला ताणू नका, थोडं अलीकडे ठेवा. लेन्सचं तोंड जरा बारीक करा, आठ आकड्यावर ठेवा. मधला चौकोन बरोबर टाक्यावर आणा. हातात धरू नका, कशावर तरी टेकवा, आणि बटण दाबल्याचा धक्कासुद्धा नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. पोटच्या पोरीकडून ऐकून घ्यायची मास्तरांना सवय नव्हती, पण गरज पडली की माणूस काय काय ऐकतो. सुक्या वाटाण्यांची एक पिशवी शिवून त्यांनी तिच्यावर कॅमेरा टेकवला. तरीही फोटो हलायचा. तीन दिवस त्यांनी पिशवीला, टेबलाला आणि कॅमेरा बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग बुधवारी त्यांना कळलं. पाठीमागे बायकोचं मशीन चाललं की सगळी फरशी थरथरते, फरशीबरोबर टेबल, आणि टेबलाबरोबर कॅमेरा.

"बंद कर ते!" ते ओरडले. "तुझ्यामुळे माझं काम दिसत नाहीये!"

बायकोनं पायडलवरून पाय काढला. मास्तरांनी काळा कोट, हिरवी शाल आणि तपकिरी जाकीट यांचे फोटो काढले. गुरुवारी सकाळी ऊन फार सुरेख पडलं होतं, तेव्हा नुकताच हातावेगळा केलेला एक करडा घागराही त्यांनी इस्त्रीला देण्याआधीच टिपून घेतला. तीनाला चार असलेले बरे. शुक्रवारी दुपारची झोप सोडून ते रस्त्यापलीकडच्या फोटोवाल्याकडे छापून घ्यायला गेले.

फोटोवाल्यानं काळा कोट कॉम्प्युटरवर उघडला आणि मोठा केला, अजून मोठा केला. पडदा खिडकीएवढा, आणि त्यावर धागे दोरखंडाएवढे. "वा मास्तर! साध्या लेन्सवर एवढा स्पष्ट? मला नाही हो जमत असा."

मास्तर पुढे सरकले. ते पडद्याकडे बघत राहिले.

प्रत्येक रफूगाराचा धागा जिथे संपतो तिथे शेवटचा टाका किंचित तिरका पडतो. मास्तरांचा उजवीकडे झुकायचा, पस्तीस वर्षं झुकत आला होता. पडद्यावरचे सगळे टाके डावीकडे झुकलेले होते.

"उलटा लावलायस फोटो," मास्तर म्हणाले.

"उलटा कसा असेल? टेपवरचे आकडे बघा ना, सरळ आहेत."

आकडे सरळच होते. मास्तर पडद्यावर वाकले. "शाल दाखव." शालीवरही डावीकडे. जाकिटावरही डावीकडे. एकसारखे, घट्ट, नेटके टाके, एक धागा वर, एक खाली, कुठे चूक काढायला जागा नाही. काम अप्रतिम होतं आणि ते मास्तरांचं नव्हतं.

"चौथा दाखव," ते म्हणाले.

घागऱ्यावरचे टाके उजवीकडे झुकलेले होते. ते मास्तरांचेच. पण धागा एक वर, एक खाली जायला हवा तिथे दोन वर, तीन खाली गेला होता. मध्ये एक भोक तसंच राहिलं होतं, बारीक, पण राहिलं होतं. नवशिक्यानंही शरमेनं उसवून टाकावं असं काम. काल सकाळी तेच काम बोटांखालून घालून ते स्वतःशी म्हणाले होते, झकास.

"हा जरा बरा नाही आलाय," फोटोवाला सावरून घेत म्हणाला.

"फोटो चांगला आलाय," मास्तर म्हणाले.

छापलेले फोटो घेऊन ते रस्ता ओलांडून आले ते कसे, हे त्यांना नंतर आठवलं नाही. दुकानात बायको त्यांच्या खुर्चीवर, खिडकीशी बसलेली होती. मांडीवर तोच करडा घागरा, डोळ्यांजवळ धरलेला. डाव्या हातात सुई. मास्तरांना यावेळी दारात बघून ती दचकून उठली आणि घागरा पाठीमागे नेला, लहान पोरीनं खाऊ लपवावा तसा.

मास्तरांनी फोटो टेबलावर टाकले. "हे कुणी केलंय?"

ती फोटोंवर वाकली. "अगंबाई," ती थक्क होऊन म्हणाली, "किती स्पष्ट आलंय हो!"

"मी विचारतोय काय!"

"मी केलंय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. तुम्ही झोपता तेव्हा उसवून पुन्हा करते." तिनं घागरा हळूच टेबलावर ठेवला. "तो करड्या सुटाचा वकील आठवतो? सूट परत घेऊन आला होता. तुम्ही वर होतात. म्हणाला, मास्तरांना आता दिसत नाही वाटतं. मी म्हटलं, काम अर्धवट होतं, चुकून बांधून दिलं, तासाभरानं या. आणि बसले करायला."

"मला उठवायचंस!"

"उठवून काय सांगणार होते?"

मास्तर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. दोन वर्षं. दोन वर्षांत "कुठं होतं हो?" असं जे जे कुणी विचारलं, ते सगळं त्यांनी ऐटीत घेतलं होतं, आणि ही पाठीमागे बसून पँटी आखूड करत होती.

"तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. इतकी वर्षं तुमच्या पाठीमागे बसलेय, बघत होते. तुमच्यासारखा उजवीकडे झुकवायला बघितलं, पण माझा हात तसा वळत नाही. म्हटलं, कोण एवढं बघायला येतंय."

त्यांना लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. हौसेनं तिनं सुई उचलली होती आणि मास्तरांनी हसून काढून घेतली होती. डाव्या हाताचं रफू टिकत नाही, ते म्हणाले होते. मास्तरांचा उस्ताद म्हणायचा, म्हणून ते म्हणाले. खरं की खोटं, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

बायको त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "उद्या शनिवार आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हेच तीन पाठवा. नाव तुमचंच असू दे, लोक तुम्हाला ओळखतात. मी करत जाईन मागच्या मागे, आता करते तसं."

फोटो बघून बसला नव्हता एवढा धक्का मास्तरांना या वाक्यानं बसला. कारण क्षणभर त्यांना ते पटलं होतं. हो म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं. तिनं हे किती सहज म्हटलं, आणि आपण किती सहज घेणार होतो, हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची भीतीच वाटली.

ते उठले. अर्ज काढून त्यांनी रकान्यातलं आपलं नाव खोडलं आणि वर बायकोचं लिहिलं. मग कॅमेरा घेतला. "काम करतानाचा फोटो राहिलाय. बस तिथे."

"अहो, ही तुमची खुर्ची."

"बस म्हणतो ना."

ती बसली. पदर सारखा केला, घागरा मांडीवर घेतला, आणि मास्तरांकडे बघत सुई उचलली. उजव्या हातात. अवघडल्यासारखी, परक्याची वस्तू धरावी तशी.

"त्या हातात नाही," मास्तर म्हणाले.

तिनं हात बदलला. मास्तरांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबलं. फोटो हलला. पुन्हा दाबलं, पुन्हा हलला.

"हलू नकोस गं!"

"मी नाही हलत," ती म्हणाली. "तुम्ही हलताय."

ती उठली, वाटाण्यांची पिशवी उचलून आणली, त्यांच्या पुढ्यात इस्त्रीच्या पाटावर ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्यासकट धरून पिशवीवर टेकवले. मग परत जाऊन खुर्चीवर बसली आणि सुई कापडात घातली. मास्तरांनी मधला चौकोन तिच्या डाव्या हातावर आणला. तर्जनीच्या टोकाला सुई ढकलून ढकलून पडलेला घट्टा होता, दोन वर्षांचा. त्यांना तो आत्ता दिसत होता. त्यांनी टायमर लावला, आणि दोन सेकंद दोघंही श्वास रोखून बसले.