बिनपिस्टनची गाडी

पहिली गाडी कोणती घ्यायची, हे शारजातल्या आमच्या मराठी मंडळींनी मला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पांढरी, चार दारांची, जपानी, एसी बर्फासारखा आणि पुढे विकताना भाव पडणार नाही अशी. अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगखाली तसल्या गाड्यांची रांगच असायची. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा ऑफिसच्या घाईत भलत्याच गाडीच्या कुलपाशी झटापट करत होते आणि किल्ली लागत नाही म्हणून वॉचमनवर ओरडत होते. मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेविशीत होते, दुबईत एका इंजिनियरिंग कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायचं काम करत होते. लायसन्स माझं होतं, पगार माझा होता. आणि मी घेतली ती जुनी, दोन दारांची, उन्हाने रंग उडालेली लाल स्पोर्ट्स कार. तिचे हेडलाइट बटण दाबलं की बॉनेटमधून वर यायचे. म्हणजे एक यायचा. दुसऱ्याला हाताने उठवावं लागायचं.

पण माझा जीव जडला होता तिच्या इंजिनावर. रोटरी इंजिन. त्यात पिस्टन नसतात, वर-खाली ठोकाठोक नसते. एक फुगीर त्रिकोण आत गरागरा फिरतो आणि त्यावर गाडी पळते. दिवसभर एसीचे डक्ट काढून कंटाळलेल्या मला ते चित्र एका मासिकात दिसलं, तेव्हा मी ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं होतं. साऱ्या जगाची इंजिनं एका पद्धतीने चालतात आणि हे एकटंच म्हणतं, मी नाही तसं चालणार. मला ते भलतंच पटलं.

आईने किमतीच्या दिरहमचे मोठ्याने रुपये केले आणि कपाळाला हात लावला. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "ह्यात माणसं किती बसतात?"

"दोन."

"मग आम्ही काय डिकीत बसायचं?"

बाबांचा मसाल्यांचा व्यापार होता. दुबईच्या अल क्वोज भागात त्यांचं गोडाऊन होतं. बरीच धुसफूस झाल्यावर त्यांनी तिथला एक कोपरा मला दिला. गाडी धड चालत नव्हती. दर सिग्नलला आचके द्यायची. अल क्वोजमध्ये गॅरेजांना तोटा नव्हता, पण बॉनेट उघडलं की सगळे मागे सरकायचे. एका गॅरेजवाल्याने आत डोकावून सांगितलं, "मॅडम, ये इंजिन नहीं, मिक्सर है. इसको बेच के दूसरा ले लो." त्याच्यामागे त्याची माणसं फिदीफिदी हसली. मी त्या दिवशी ठरवलं की ह्या गाडीला बाहेरच्या कुणाचा हात लागणार नाही.

मग सुट्टीचा प्रत्येक शुक्रवार गोडाऊनमध्ये. कडक झालेल्या रबरी नळ्या एकेक करून बदलल्या, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. काही बोल्ट सरळ निघाले, काहींनी माझी बोटं सोलून काढली. शेजारी मिरचीची पोती. मी शिंकत शिंकत काम करायचे. घरी गेले की आई म्हणायची, "केसांना पेट्रोलचा वास, अंगाला मसाल्याचा. तुला लग्नाला उभी कुठे करायची मी?" करू नकोस, मी म्हणायचे.

गाडी मला विकणारा माणूस एक इंग्रज शिक्षक होता, देश सोडून चाललेला. किल्ली देताना त्याने एवढंच बजावलं होतं: थंड गाडी चालू करून लगेच बंद करू नको, कधीच नको. हे इंजिन चालू होताना भसाभस पेट्रोल पितं. ते जळायच्या आत बंद केलं तर आत सगळं ओलं होऊन बसतं आणि मग गाडी हूं की चूं करत नाही. पार्किंगमध्ये हातभर सरकवायची असेल तरी आधी पुरती गरम कर. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. जेवताना सांगितलं, चहाच्या वेळी सांगितलं. कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

अखेर गाडी सुरळीत चालायला लागली. मी ती स्वतः चालवत शारजाला आणली आणि पासिंगही करून घेतलं. मुलकियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, माझं नाव आलं. आणि आईने जाहीर केलं की दसऱ्याला पूजा.

आमच्याकडे सण तिथीला यायचे नाहीत, शुक्रवारी यायचे. त्यामुळे दसरा झाल्यावरच्या शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या मागच्या रेताड पार्किंगमध्ये आमच्या मराठी मंडळाची माणसं जमली. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं. मी नवा ड्रेस घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. आईने ओवाळलं. नारळ फुटला. आता गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात मंडळाचे काका दाराशी आले. मंडळातल्या प्रत्येक नव्या गाडीचं चाक पहिल्यांदा तेच फिरवायचे. ज्येष्ठ माणूस, हाताला यश आहे, वगैरे. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि बाबा मला म्हणाले, "उतर खाली. काकांना बसू दे."

"बाबा, मीच घेते. मला माहितीये ती कशी—"

"चारचौघांत वाद नको. उतर."

मी उतरले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. काका आत बसले, सीट मागे सारली, किल्ली फिरवली. गाडी छान चालू झाली. ती हातभर पुढे गेली, लिंबं चिरडली, टाळ्या वाजल्या. मी ओरडले, "काका, बंद करू नका! चालू ठेवा!" काकांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि, सगळ्या गाड्यांची करतात तशी, किल्ली बंद केली. "झालं! शुभस्य शीघ्रम!"

मी लगेच आत बसून चालू करायला गेले. स्टार्टर नुसता घरघरत राहिला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पेट्रोलचा भपकारा पार्किंगभर पसरला. पेढे खाणारी माणसं खायची थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, पूजेच्या वेळीच बंद पडली, हे काही बरं नाही. दुसऱ्याने सांगितलं, लाल रंग गाडीला चांगला नसतोच. काका म्हणाले, "माझ्या हातून आजवर एक गाडी बंद पडलेली नाही. दोष गाडीतच आहे." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घसा फोडून सांगत होते की इंजिन ओलं झालंय, आता वाळवलं की चालू होईल. लोक माझ्याकडे दयेने बघत होते. त्या नजरांपेक्षा गॅरेजवाल्याचं हसणं परवडलं.

बाबांचा चेहरा उतरला होता. वर येताच त्यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या एका ओळखीच्या डीलरला फोन लावला. मिळेल त्या भावात गाडी घ्यायला तो तयार झाला. मग त्यांनी गाडी उचलून न्यायला रिकव्हरी बोलावली. जेवणं झाली की येणार होती.

"गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणाले.

"आणि तू माझ्या व्हिसावर आहेस," बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

मला ते फार लागलं. खरंच होतं ते. त्या देशात राहायचा माझा हक्क बाबांच्या सहीवर होता. पण इंजिन मी जोडलं होतं. रिकव्हरीच्या आत ते चालू झालं तर गाडी माझी, नाही झालं तर ती गेली आणि तिच्याबरोबर माझा प्रत्येक शब्द गेला. पुढे घरात मी काहीही म्हटलं असतं, तरी ती लाल गाडी माझ्या तोंडावर फेकली गेली असती.

मी नव्या ड्रेसवरच पार्किंगमध्ये गेले. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला. चारही प्लग काढले, ठिबकत होते. मग स्टार्टर मारत राहिले, तशी प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ फुसफुसत बाहेर आली. ओले प्लग घेऊन स्वयंपाकघरात आले आणि सांडशीत धरून पहिला गॅसवर नेला. भप्पकन जाळ झाला.

आई मागे उभी होती. मला वाटलं आता ओरडणार. तिने खिडकी उघडली, माझ्या हातातली सांडशी घेतली आणि म्हणाली, "तू दुसरं काय असेल ते बघ. हे मी भाजते. किती भाजायचे?"

"पुरते कोरडे होईपर्यंत."

"पापडासारखे?"

"पापडाहून कमी."

तिने एकेक प्लग फिरवून फिरवून वाळवला. मी खाली जाऊन भोकांत चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, कोरडे प्लग बसवले, फ्यूज लावला. किल्ली फिरवली तर बॅटरी बसलेली. शेजारी बाबांची डिलिव्हरीची व्हॅन उभी होती, पण तिची किल्ली त्यांच्या उशाशी असायची. मी वर पाहिलं. आई बाल्कनीत होती. मी काही मागितलं नव्हतं, तरी ती आत गेली आणि बाहेर येऊन तिने व्हॅनची किल्ली खाली टाकली.

मी व्हॅनच्या बॅटरीला केबल जोडत होते तेवढ्यात रिकव्हरी आली. पठाण ड्रायव्हर उतरून साखळी काढायला लागला. बाबाही खाली आले. त्यांच्या मागोमाग काका आणि आमच्याकडे जेवायला थांबलेली मंडळी.

"यल्ला, जल्दी, कौनसी गाड़ी?" पठाणाने विचारलं.

मी किल्ली फिरवली. घरघर, घरघर, मग एक खोकला. पुन्हा घरघर. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला आणि मनात त्या त्रिकोणाला शिव्या घातल्या. एकदम मोठा बार झाला आणि गाडी गरजली. मागून पांढऱ्या धुराचा एवढा लोट निघाला की मंडळ दिसेनासं झालं. वरच्या मजल्यावरून एक छोटी मुलगी ओरडली, "आंटी, इज इट ऑन फायर?"

धूर विरला तेव्हा बाबा खोकत उभे होते. पठाणाने त्यांना विचारलं, "उठाऊँ, सेठ?"

"सेठ को मत पूछो," मी काच खाली करून म्हणाले. "गाड़ी मेरी है. नहीं उठाना."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. पठाणाने साखळी परत आत टाकली.

काका मात्र पुढे सरसावले. "चालू झाली ना! चला, मग राहिलेलं शास्त्र पुरं करू. मी परत एकदा लिंबांवरून—" त्यांनी माझ्या दाराला हात घातला. मी दार आतून ओढून धरलं. बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मागून आईचा आवाज आला. ती आरतीचं ताट घेऊन खाली आली होती.

"भाऊजी, ती बसलीय."

काकांनी हात काढला. आईने वाकून चार नवी लिंबं चाकांखाली ठेवली. मी गाडी हलवली नाही. तापमानाचा काटा तळाशी होता आणि तो वर येईपर्यंत मी सगळ्यांना उन्हात थांबवलं. कुणी घड्याळ बघितलं, कुणी रुमालाने मान पुसली. मला घाई नव्हती. आई ताटासकट दुसऱ्या सीटवर येऊन बसली. बाबांच्या गाडीत ती कायम मागे बसायची.

मग मी गाडी लिंबांवरून घेतली आणि थांबले नाही. खालिद लगूनच्या पाण्याकडेने गेलो. इंजिन शिवणयंत्रासारखं गुणगुणत होतं. आईने ताट मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. फेरी मारून बिल्डिंगपाशी आलो तेव्हा माणसं अजून उभी होती. काका हात हलवून खुणा करत होते: बास, थांबव, बंद कर.

"आता बंद केली तरी चालेल," मी आईला म्हणाले. "गरम झालीय."

आईने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग समोर रस्त्याकडे.

"कशाला?" ती म्हणाली. "चालू दे."