मुकादमांनी अडवलेलं वऱ्हाड

रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या टोळीचे मुकादम माणसांच्या तब्येतीची चौकशी कधी करत नसत. रुळाची रोज करत. मे महिन्यात भर दुपारी रुळाला बोट लावायचे, चटका बसला की तेच बोट कानाच्या पाळीला धरायचे आणि म्हणायचे, "मॅडम, ताप चढून राह्यला."

मी तेव्हा नवी अभियंता होते. उन्हाने रूळ लांबतो आणि जागा मिळाली नाही की वाकतो, हे शिकून आलेली. माझा सगळा भरवसा रुळाचं तापमान मोजायच्या यंत्रावर. मुकादम म्हणायचे, "यंत्र बराबर आहे. पण ते एका जागी बसतं. मी हिंडतो."

पावसाळ्यात पुलावर उभे राहून ते फुगलेल्या नाल्याला दम भरायचे, "इतक्या जल्दी कुठं चाल्लास? सासरवाडी आहे का तिकडं?" आणि बोलता बोलता पुलाच्या कडेची खडी सरकली का, ते बघून घ्यायचे.

एका दुपारी यंत्रावरचा आकडा ठीक होता. मी म्हटलं, "मुकादम, घडीभर निंबाखाली टेका."

"तुम्ही टेका. मी वळणावरून येतो."

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "मॅडम, पटरी सापावानी वळली! गाडी सुटली का?"

गाडी सुटली होती. मी स्टेशनला फोन लावत वळणाकडे पळत सुटले. तोवर मुकादम लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने धावले आणि रुळावर इशाऱ्याचे फटाके लावले. फटाके वाजले, गाडी करकचून थांबली. मागच्या डब्यात वऱ्हाड होतं. बँडवाल्यांना वाटलं, मुलीकडचे स्वागताला आले. त्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली!

मुंडावळ्या सावरत नवरदेव खाली उतरला. "काका, मुहूर्त टळून राह्यला ना!"

मुकादम धापा टाकत म्हणाले, "मुहूर्त दुसरा भेटंल. नवरदेव न्हाई भेटायचा."

पुढचा वाकडा रूळ पाहिला आणि नवरदेव मुहूर्त विसरला. मग वऱ्हाडानेच शेजारच्या विहिरीवरून घागरी आणून रूळ थंड केला, टोळीने पहारी लावून सरळ केला. संध्याकाळी गाडी हळूहळू निघाली. पुढे झेंडा घेऊन मुकादम चालत होते, मागे बँड चालू.

मी यंत्र निंबाच्या सावलीतल्या रुळावर ठेवलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. रडूच आलं. मुकादम म्हणाले, "यंत्राची काय गलती? उन्हाचं सावलीत बसावं वाटतंच."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांना गावी सोडायला मी परतूरपर्यंत गाडीत बसले. इतकी वर्षं पायी तुडवलेल्या त्या पट्ट्यात खिडकीशी बसूनही ते प्रत्येक वळणावर पाय आवळून धरत होते. शेवटी हळूच विचारलं, "आज पटरीवर कोण आहे?"

"आपल्या टोळीतली सुनीता. तुमच्यासारखीच हिंडते."

"मंग बिलकुल फिकीर न्हाई," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. परतूर येईपर्यंत घोरत होते.