आम्ही नको म्हटलेला डेप्युटी

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, ब्रिज खेळतात, नातवंडांच्या मागे धावतात. मी पोलिसांवर लक्ष ठेवायला लागले. म्हणजे थेट पोलिसांवर नाही. इंग्लंडमधल्या आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पोलीस आणि फायर ब्रिगेड या दोन्हींचा कारभार बघणारा एकच निवडून आलेला कमिशनर असतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला एक पॅनल असतं. पॅनलवर बहुतेक सगळे काउन्सिलर, आणि दोन जागा कुठल्याच पक्षात नसलेल्या माणसांसाठी. लायब्ररीतल्या फलकावर जाहिरात पाहिली आणि अर्ज करून टाकला. जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतूंच्या बशीत काय वाढतंय ते बघत बसले होते, आता कमिशनरच्या बशीत काय वाढतंय ते बघू, असं मला वाटलं. आमच्या ह्यांना वाटलं, हिला घरात करमत नाही. दोन्ही खरं होतं.

त्याच सुमारास एक मराठी मुलगी आमच्याकडे यायला लागली. बसस्टॉपवर फोनवरून नवऱ्याशी मराठीत भांडत होती, आणि मी निर्लज्जपणे सगळं ऐकलं. मिरजेची निघाली. मी सांगलीची, म्हणजे आमचं पटणं तसं अवघडच, पण परदेशात माणूस तडजोड करतो. तिशीतली, नवरा आणि लहान मुलगी मिरजेत, आणि ही इथे केअर व्हिसावर म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला, औषधं द्यायला आलेली. मी तिला रविवारी जेवायला बोलवायची आणि निघताना आमटी नाहीतर उसळीचा डबा द्यायची. पुढच्या रविवारी डबा परत यायचा तो कधी रिकामा नाही. कधी दोन लाडू, कधी नुसती चिमूटभर साखर. "काकू, रिकामा डबा परत करू नये, आई ओरडेल," असं म्हणायची. आई मिरजेत, ओरडणार कशी, पण रीत म्हणजे रीत.

ती राहायची ते घर बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानावर होतं. एकदा पावसात तिला सोडायला गेले आणि दार उघडल्यावर आतलं दिसलं. एकच अरुंद जिना, आणि त्याच्या तळाशी जेवण पोचवणाऱ्या मुलांच्या इलेक्ट्रिक सायकली, एकीला टेकून दुसरी, सगळ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला. वर खोल्या किती होत्या देव जाणे. दुसरा दरवाजा नव्हता. या बॅटऱ्या पेटल्या की कशा पेटतात ते आम्ही पॅनलवर व्हिडिओत पाहिलं होतं.

मी तिच्याकडून फायर सर्व्हिसला फोन करवला. ते घरी येऊन फुकट तपासणी करतात. एक बाई आणि एक तरुण असे दोघं आले; मी त्यांना दाराशी भेटून परतले. अलार्म बसवले, मुलांशी हसतखेळत बोलून सायकली मागच्या शेडमध्ये ठेवायला लावल्या. कोण, कुठले, कागद आहेत का, काही विचारलं नाही. ती दोन दिवस त्या बाईचंच कौतुक करत होती. "काकू, माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या त्या. बूट काढून आत आल्या."

मग तिचे दिवस फिरले. जिच्या व्हिसावर ती आली होती त्या कंपनीचा परवानाच सरकारने काढून घेतला. दुसरा कुणी स्पॉन्सर मिळाला तर ठीक, नाहीतर परत. ती अर्ज करत राहिली आणि मधल्या काळात मिळेल ते काम करत राहिली. ते कायदेशीर होतं का, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. रस्त्यात पोलीस दिसला की ती आता समोरच्या फुटपाथवर जायची. थंडी सुरू झाल्यावर शेडमधून एक सायकल चोरीला गेली आणि बाकीच्या सगळ्या पुन्हा जिन्याखाली आल्या. "त्या फायरवाल्या बाईंना परत बोलवू या," ती म्हणाली. मी म्हटलं, बोलव, लगेच बोलव. पण तिला कामातून सवड होईना.

नेमका तेव्हाच कमिशनरने आपला डेप्युटी निवडला.

असा डेप्युटी नेमायचा तर त्याला आधी आमच्यासमोर उभं राहावं लागतं. जाहीर सुनावणी होते, ती इंटरनेटवर दिसते, आम्ही प्रश्न विचारतो, मग शेजारच्या खोलीत जाऊन ठरवतो आणि कमिशनरला शिफारस पाठवतो. नेमा, किंवा नका नेमू. पुढे कमिशनरने ती मानायची की नाही ही त्याची मर्जी. हे मी ह्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे हळदीकुंकूच की. जायचं, नाव घ्यायचं, वाण घ्यायचं, घरी यायचं." मी चिडले. आयुष्यभर लोकांना भूल देण्याचं काम केलेल्या माणसाने एवढं जागं बोलू नये.

सुनावणीच्या दिवशी मी महेश्वरी नेसून गेले. तो माणूस आधीच येऊन दाराशी उभा होता, उंच, नीटनेटका, मऊ आवाजाचा. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होता, प्रत्येकाचं नाव त्याला पाठ होतं. माझं नाव तर इतकं अचूक उच्चारलं की मी सुखावलेच. मग म्हणाला, "चर्चच्या मागच्या गल्लीत राहता ना तुम्ही? छान शांत गल्ली आहे." आमचे पत्ते कुठे छापलेले नसतात. मी हात काढून घेतला, पण तोवर स्थानिक बातम्यांच्या वेबसाइटचा फोटोग्राफर आपलं काम करून गेला होता.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, त्यावर एकच उपप्रश्न, आणि कुठलंही व्यक्तिगत प्रकरण काढायचं नाही. माझा प्रश्न असा होता: फायर सर्व्हिसची माणसं लोकांच्या घरात जातात, तेव्हा आत जे दिसतं ते पोलिसांना सांगितलं जाणार का?

त्याने टाळाटाळ केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पोलीस आले की लोक दार लावतात, आणि फायर ब्रिगेड आली की उघडतात. हा विश्वास म्हणजे आपल्याकडची मोठी मालमत्ता आहे आणि आपण ती वापरतच नाही. माझ्या मते दोघांनी एकत्र जावं. वन व्हिजिट, टू सर्व्हिसेस."

लोकांनी माना डोलावल्या. माझा उपप्रश्न राहिला होता. जीभ शिवशिवत होती. सांगावंसं वाटत होतं, की बाबा रे, एक जिना आहे, जिन्याखाली बॅटऱ्या आहेत, वर माणसं झोपतात आणि त्यातली एक मला काकू म्हणते. पण समोर कॅमेरा होता. दुकानाचा नुसता उल्लेख केला असता तरी अर्ध्या गावाला घर कळलं असतं. मी विचारलं, "आणि मग त्यांनी दार उघडायचंच बंद केलं तर?"

"ज्यांना लपवायचं काही नाही ते उघडतीलच," तो हसून म्हणाला. वेळ संपली.

शेजारच्या खोलीत मात्र मी बोलले. घराचं नाव न घेता, पण हात आपटून बोलले. जो माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं तो कागद चाळत बसला, आणि ज्याला मी मनातल्या मनात कायम दगड म्हणायचे तो शेतकरी काउन्सिलर घसा खाकरून म्हणाला, "माझी आई पोलिसांना दार उघडायची नाही. तिच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? तिला भीती वाटायची, बस." मतं घेतली. अगदी काठावर, पण आमचं ठरलं: नेमू नका. मी घरी येताना लेस्टरच्या भारतीय दुकानातून आणून ठेवलेल्या आंब्याच्या डब्यातला रस काढायचा असं ठरवलं आणि काढलाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी चक्क नाही म्हटलं होतं.

कमिशनरचं उत्तर फार सभ्य होतं. पॅनलने घेतलेल्या कष्टांबद्दल आभार, पॅनलच्या मताबद्दल आदर, आणि नेमणूक कायम. त्याच संध्याकाळी वेबसाइटवर बातमी आली. फोटो माझा. महेश्वरी नेसलेली मी आणि माझा हात हातात घेतलेला तो, दोघंही हसतमुख. खाली लिहिलं होतं की स्थानिक समाजाने नव्या डेप्युटीचं आणि पोलीस-फायर एकत्र घरोघरी पाठवण्याच्या त्याच्या योजनेचं स्वागत केलं. मी फोनवरून इतकी भांडले की त्यांनी ती ओळ बदलली, पण तोवर फोटो आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरून आला होता. सगळ्यांनी अंगठे दिले होते. ग्रुपवर ती पण होती. तिने काही दिलं नव्हतं.

त्या रविवारी ती आली नाही. ड्यूटी असेल म्हणून मी सोडून दिलं. फोन केला तर वाजून बंद झाला. नंतर एका सकाळी दूध आत घ्यायला दार उघडलं तर पायरीवर माझा डबा. घासून, पुसून, कोरडा केलेला. झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं, साखरेचा कणसुद्धा नव्हता. ह्यांनी विचारलं, काय झालं, आणि मी डबा त्यांच्यापुढे धरला. डबा परत आला यात रडण्यासारखं काय आहे हे मीच कुणाला पटवून देऊ शकले नसते, पण मी रडले.

नवी योजना मात्र जोरात सुरू झाली. एका गाडीतून फायरचा एक माणूस आणि पोलिसांचा एक, असे जोडीने दारोदार जायला लागले. पुढच्या बैठकीत डेप्युटीने प्रगती सांगितली, आणि काही भागांत दारंच उघडली जात नाहीत हेही सांगितलं. बैठक संपल्यावर मी कोट घालत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला. रागावलेला नव्हता. मी त्याच्या विरोधात मत दिलं होतं हे त्याला माहीत असणारच.

"तुम्ही आम्हाला मदत करू शकाल," तो हळू आवाजात म्हणाला. "ते तुम्हाला दार उघडतील."

ते म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कोटाची बटणं न लावताच मी बाहेर पडले आणि घरी न जाता सरळ त्या कार्पेटच्या दुकानाकडे गेले. तिला फक्त सांगायचं होतं की सायकली बाहेर काढा आणि कुणाला दार उघडू नका. वाटेत लक्षात आलं की या दोन गोष्टी एकमेकींना धरून नाहीत.

भर दुपार होती. वरच्या खिडकीवर आतून चादर लावलेली. मी दार ठोठावलं. आत कुणीतरी चालत होतं ते थांबलं. मी वाकून दारातल्या लेटरबॉक्सची झडप वर केली. अंधारात चार्जरचे लाल दिवे दिसले, पूर्वीपेक्षा जास्त. जिन्याच्या मधल्या पायरीवर मोजे घातलेले दोन पाय होते.

"अगं, मी आहे," मी आत बोलले. "एकटी आहे. माझ्याबरोबर कुणी नाही."

पाय हलले नाहीत.

"अगं, त्या फोटोचं मी तुला सांगते सगळं. मी नाही म्हटलं होतं त्याला. ते राहू दे. आधी त्या सायकली काढा तिथून."

आतून आवाज आला, तिचाच. माझ्याशी ती कधी इंग्रजीत बोलली नव्हती.

"नोबडी लिव्ह्ज हिअर, मॅडम."

मी झडप सोडली. तिथून फायर स्टेशन दहा मिनिटांवर आहे. मी गेले, कारण त्या दिव्यांकडे पाहून आल्यावर घरी जाऊन भात लावणं मला शक्य नव्हतं. टेबलाशी तीच बाई होती, बूट काढून आत जाणारी. मला ओळखून हसली. मी म्हटलं, दुकानावरच्या त्या घरात पुन्हा जिन्याखाली बॅटऱ्या चार्ज होतायत, तुम्ही मागे आला होतात, काहीतरी करा. तिने लगेच टॅबलेट ओढला. त्यावर आता फायर आणि पोलीस अशी दोन चिन्हं शेजारीशेजारी होती. तिने माझ्या नजरेकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, "हे आता दोघांकडे जातं. आम्हालाही आवडत नाही." मग तिच्या आवाजात पुन्हा कामाचा सूर आला. "पण एक सांगा, ते आम्हाला हवंच असतं. उद्या तिथे आग लागली, तर आत कुणाला शोधायचं हे आम्हाला कळायला हवं. वर माणसं किती झोपतात?"

ती माझ्याकडे बघत होती, बोट टॅबलेटवर टेकवून. मी तिच्या मागच्या काचेपलीकडे उभी असलेली लाल गाडी पाहिली.

"तिथे कुणी राहत नाही," मी म्हणाले.