आजारी माणसाचा कूलर आधी

आमच्या गाडीचा एसी बंद पडला तो नागपूरहून आईला परत आणताना. जाम गाव सोडलं तेव्हा हवा नुसती वाऱ्यासारखी झाली, वरोऱ्याला कोमट आणि भद्रावती येईपर्यंत आतून कोणी चुलीला फुंकणी मारत असल्यासारखी. एप्रिल महिना होता. आई पुढच्या सीटवर, सीट मागे पाडून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पडली होती. तिच्या आतड्याला कॅन्सर झाला होता आणि त्या दिवशी तिला औषध चढवलं होतं. केमो हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. आम्ही म्हणायचो, आज आईला बाटली लावायची आहे.

गाडी मी चालवत होते. बाबा आईच्या मागे बसले होते. त्यांनी मागून हात लांब केला आणि आईच्या बाजूच्या एसीच्या झरोक्यासमोर तळहात धरला. तो झरोका जुनाच मोडका होता. त्याची जाळी बंद होत नसे आणि वळतही नसे, सगळी हवा थेट आईच्या अंगावर यायची. इतके दिवस आम्हाला ते सोयीचंच वाटत आलं होतं.

"मी पाह्यतो उद्या," बाबा म्हणाले.

तिथेच माझं डोकं तापलं. पाहायचं काय त्यात? दुकानात न्यायची, पैसे द्यायचे, मोकळं व्हायचं. मी राजुऱ्याला शाळेत शिकवते. रोजची बस, पेपर तपासणी आणि आईचे दवाखान्याचे दिवस यातून मला श्वास घ्यायला वेळ नव्हता. पैसे देऊन एक तरी काम डोक्यावरून उतरत असेल तर मला हवं होतं. पण बाबांपुढे कारागिराला पैसे द्यायची गोष्ट काढणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी बाहेरून डबा मागवणं.

बाबांनी जन्मभर कूलर बनवले. जटपुरा गेटच्या आत त्यांचं दुकान होतं. पत्रा कापायचा, पेटी जोडायची, वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, पंप लावायचा. होळी झाली की आमच्या घरात बाबा नुसते जेवायला येत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडणं काय असतं हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुकानासमोर माणसं उभी असायची, भांडायची, आपला नंबर आधी म्हणायची. बाबांचा एकच नेम होता. ज्या घरी आजारी माणूस, त्या घरचा कूलर आधी. मग रांगेत वकील असो की फौजदार. एकदा तर भामरागडच्या एका मास्तरांच्या म्हाताऱ्या आईसाठी त्यांनी बसच्या टपावर कूलर बांधून नेला होता आणि तिथे वीज राहत नाही म्हणून दोन दिवस थांबून, वीज आल्यावर चालू करून दाखवूनच परतले होते.

आता आजारी माणूस आमच्याच घरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली घेतली. बॉनेट उघडून त्यांनी पुढची जाळी पाहिली आणि तोंडाने च्यक केलं. आमच्याकडे कुठल्याही गाडीचं पोट उघडा, आत कोळशाची धूळ आणि राख निघतेच. त्यांनी बादली मागवली, जुन्या कूलरचा पंप लावला आणि हळूहळू जाळी धुतली. काळं पाणी तुळशीपर्यंत वाहत गेलं. मग गाडी चालू करून पाहिली तर हवा खरोखर थोडी गार येत होती. बाबांनी आईला हाक मारून बाहेर आणलं. तिने झरोक्यासमोर तोंड नेलं, डोळे मिटले आणि छान आहे म्हणाली. बाबा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

संध्याकाळी हवा पुन्हा कोमट झाली. मी म्हटलं, आता तरी दुकानात नेऊ. बाबा म्हणाले, धुतल्यानं फरक पडला म्हणजे मशीन जिवंत आहे, थोडं आणखी पाहतो. मी आईकडे तक्रार घेऊन गेले. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"त्यायले करू दे," ती म्हणाली. "दवाखान्यात त्यायले कोणी काही करू देत नाई. नुसते बाकड्यावर बसून राह्यतात. इथी तरी हात चालून राह्यले त्यायचे."

मी पेपरांचा गठ्ठा ओढून तपासायला बसले. पण राग गेला नाही.

घात झाला तो पुढच्या सकाळी. एसीच्या नळीवर एक टोपण होतं. ते काढलं तर आत सायकलच्या चाकाला असतो तसा व्हॉल्व्ह. बाबांना वाटलं, आत दाब आहे की नाही ते पाहावं. सायकलच्या ट्यूबमध्ये पाहतात तसंच त्यांनी पेचकसाच्या टोकाने मधली पिन दाबली. फुस्स करून पांढरी वाफ आली, बाबांच्या बोटांना बर्फासारखा चटका बसला आणि पिन आत अडकून बसली. आवाज येतच राहिला. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन उभी होते. बाबा त्या व्हॉल्व्हवर अंगठा धरत होते, चटका बसला की काढत होते, पुन्हा धरत होते. सगळा गॅस निघून आवाज थांबला तेव्हा ते तसेच वाकून उभे होते.

कूलर बनवणाऱ्याकडूनच व्हावी अशी ही चूक होती. कूलरमध्ये कोंडून ठेवलेलं काही नसतंच. पाणी आहे, गवत आहे, पंखा आहे. कुठूनही उघडा, काही निसटून जात नाही. चाळीसेक वर्षं ज्यांनी उघडी पेटी हाताळली, त्यांना बंद नळीची भीती वाटली नाही.

पुढची बाटली पुढच्या आठवड्यात होती. बाबांनी आदल्या रात्रीतून मागच्या खिडकीच्या मापाची चौकट ठोकली, तिच्यात वाळ्याची ताटी बसवली आणि ती खिडकीत अडकवली. वाटेत ते बाटलीतून पाणी शिंपडत होते. निघताना वास चांगला येत होता. आईला तर वाळ्याचा वास जन्मभर आवडलेला. पण औषधाने तिचं नाक बिघडलं होतं. भद्रावती ओलांडेपर्यंत तिने पदर नाकाला लावला. बाबांनी मागून विचारलं, "येऊन राह्यली का हवा?" तिने पदर काढून हो म्हटलं आणि परत लावला. वरोऱ्याच्या पुढे तिने गाडी थांबवायला सांगितली आणि दार उघडून ओकली. बाबांनी काही न विचारता चौकट खिडकीतून काढली आणि एका पळसाच्या झाडाला टेकवून ठेवली.

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. गाठ या औषधाला दाद देत नव्हती, औषध बदलावं लागणार होतं. बाबांनी नवं औषध चांगलं आहे का असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जोरदार आहे. बाबांना तेवढं पुरलं. मला नाही पुरलं, पण मीही पुढे काही विचारलं नाही.

आता मी कोणाचं ऐकणार नव्हते. बल्लारपूर रोडवर गाड्यांच्या एसीचं एक दुकान आहे, तिथे गाडी नेली. बाबाही आले. दुकानाबाहेर गाड्यांची रांग होती. मालक मुसलमान गृहस्थ, बाबांपेक्षा बरेच लहान. हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, चार दिवस तरी लागतील, सीझन आहे. मी बाबांकडे पाहिलं. हेच वाक्य त्यांनी किती लोकांना सांगितलं असेल. आणि समोरची माणसं मग काय म्हणत, तेही त्यांना पाठ होतं. पण त्यांच्या तोंडून ते निघेना. शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, घरी पेशंट आहे. नागपूरले न्यायचं राह्यते."

मालकांनी आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं आणि रांगेतल्या दोन गाड्या बाजूला काढायला सांगितल्या. आमची गाडी आत गेली. बाबा खाली मान घालून स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरले होते.

नळीत एका ठिकाणी बारीक भेग होती आणि गॅस तर उरलाच नव्हता. "पूरा खाली आहे काका, कोणी उघडलं होतं का?" असं मालकांनी विचारलं. "मी," बाबा म्हणाले. मालक कामाला लागले. नळी बदलली, व्हॉल्व्ह बदलला, मशीन लावून गॅस भरला. संध्याकाळी गाडी अशी गार झाली की काचेवर वाफ धरली. मालकांनी मला बजावलं, एसी लावला की काचा पूर्ण बंद ठेवा. घरी येताना पाहते तर बाबांनी आपल्या बाजूची काच बोटभर खाली केलेली. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, हवेला बाहेर जायला वाट पाहिजे, हे त्यांनी गिऱ्हाइकांना इतकं सांगितलं होतं की हात आपोआप काचेकडे जायचा. मी म्हटलं, "बाबा, काच." त्यांनी बंद केली.

पैसे देऊन मी मोकळी झाले होते. निदान मला तसं वाटलं.

नव्या औषधाच्या दिवशी जाताना आई चक्क झोपली. बाबा मागून सारखे तिच्याकडे पाहत होते. दवाखान्यात बाटली संपल्यावर नर्सने मला बाजूला घेऊन समजावलं. या औषधानंतर काही दिवस थंड चालत नाही. थंड पाणी नको, फ्रीजमधलं काही नको, थंड वस्तूला हात नको, थंडी लागू देऊ नका. मी मान डोलावत होते. माझ्या मनात होतं, बाहेर माझी गार गाडी उभी आहे, आज हिला त्रास होणार नाही. नर्सचं एकेक वाक्य मी ऐकलं आणि तरी त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

बुटीबोरी गेल्यावर आई म्हणाली, घशात काहीतरी अडकलं. मग म्हणाली, बोटांत काटे टोचून राह्यले. तिने हात काखेत घातले होते आणि तिचा जबडा आवळला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. भाजणारी लू आत आली. थोड्याच वेळात तिची मान लटकू लागली, ओठ सुकले, कोमट पाणीही जाईना. मी काचा लावल्या, एसी अगदी कमी केला. पुन्हा काटे. पुन्हा बंद. समोर उन्हाने रस्ता हलत होता आणि मी ते बटण दाबत होते, सोडत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? पैसे देऊन घेता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"चालू राहू दे कमीवर," बाबा मागून म्हणाले.

त्यांनी आईची सीट आणि दार यांच्या फटीतून हात पुढे घातला आणि तो मोडका झरोका तळहाताने झाकला. छाती सीटच्या पाठीला दाबून, गाल तिच्या डोक्याजवळ. हवा त्यांच्या हातावर अडत होती, बाकीची इकडून तिकडून गाडीत पसरत होती. आईचे खांदे हळूहळू सैल झाले. मी म्हटलं, वाटेत थांबून झरोक्यात कापड कोंबू. बाबा म्हणाले, थांबू नको, तिले लवकर घरी ने.

वरोरा गेलं, भद्रावती गेली. त्यांनी हात काढला नाही.

"हात गार पडला असन तुमचा," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"मले काय होते," बाबा म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बाबा उतरले, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला उतरवायला तोच हात पुढे केला. तिने धरला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला. त्यात अजून झरोक्याचा गारवा होता. मग बाबा गाडीच्या पुढे गेले. उन्हाने आणि इंजिनने तापलेल्या बॉनेटवर त्यांनी तळहात टेकवला आणि दात आवळून तसेच उभे राहिले. आई दारात पाय खाली सोडून वाट पाहत बसली. हात ऊन झाल्याची खात्री त्यांनी आधी आपल्या गालाला लावून केली, मग येऊन तो तिच्यापुढे धरला.